ज्ञानरचनावाद आणि प्राथमिक शाळा : चुकलेल्या उत्तराचे मोल

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दुसरीतील एखाद्या मुलास ‘त्र्याहत्तर’ ही संख्या लिहावयास सांगितली आणि त्याने वहीत ३७ लिहिले, तर बहुतेक वर्गांत काय घडते हे सर्वांस ठाऊक आहे. लाल शाईची फुली पडते. घरी आल्यावर तीच फुली आई पाहते, रात्री दुकान बंद करून आलेले वडील पाहतात, आणि ‘याचे अभ्यासात लक्ष नाही’ असा निर्णय घरातल्या घरात होऊन जातो. फारच काळजी असली तर दुसऱ्या दिवसापासून शिकवणी लागते.

आता तोच शब्द सावकाश उच्चारून पाहावा. त्र्या-हत्तर. आधी तीन ऐकू येतात, मग सत्तर. मुलाला वर्षभर हेच शिकविलेले असते की जे अक्षर आधी ऐकू येते ते आधी लिहावयाचे. ‘कमळ’ लिहिताना क आधी, म नंतर. त्याने तोच नियम संख्येला लावला. तीन आधी ऐकले म्हणून तीन आधी लिहिले. उत्तर चुकले, पण त्यामागचा विचार चुकलेला नाही. उलट तो विचार करतो आहे याचा तो पुरावा आहे. मराठी संख्यानामे आहेतच तशी. ‘एकोणऐंशी’ या शब्दात सातही ऐकू येत नाही आणि नऊही ऐकू येत नाही. ऐकू येते ती ऐंशी, जी त्या संख्येत मुळीच नाही. एवढी गाठ सहा-सात वर्षांचे मूल एकट्याने सोडवीत असते आणि मोठी माणसे म्हणतात, लक्ष नाही!

फुली मारणाऱ्या शिक्षकास एवढेच कळते की उत्तर चुकले. परंतु जो शिक्षक मुलाजवळ बसून ‘हे तू कसे लिहिलेस, मला सांग बरे’ असे विचारतो, त्याला उद्याचा पाठ कोठून सुरू करावयाचा हे कळते. गेल्या काही वर्षांत शिक्षणक्षेत्रात ‘ज्ञानरचनावाद’ हा जो भारदस्त शब्द वारंवार कानी पडतो, त्याचा गाभा या एका प्रश्नात आहे. बाकी सारा विस्तार आहे.

याच संख्यानामांवरून २०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते, ते अनेकांस आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीने ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत दिली गेली. गणित विषय समितीच्या प्रमुख ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांना दशक आणि एकक यांचा उलगडा सोपा व्हावा, हा त्यामागचा हेतू. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. तरीही वर्तमानपत्रांत विनोद झाले, विधिमंडळात टोलेबाजी झाली, मराठी भाषा बुडाली असाही आक्रोश झाला. रीत योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. पण ज्यांच्यासाठी ते केले, ती मुले नेमकी कोठे अडतात हा मूळ प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. डॉ. नारळीकर २०२३ मध्ये निवर्तल्या.

ज्ञानरचनावाद म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगावयाचे तर असे, की ज्ञान ही एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याची वस्तू नव्हे. प्रत्येक मूल आपल्या जवळ आधी असलेल्या अनुभवाच्या आधारावर नव्या गोष्टीचा अर्थ लावते आणि आपले ज्ञान आपणच रचते. शिक्षक ते रचून देऊ शकत नाही. रचण्यास जागा, साहित्य आणि आधार देऊ शकतो.

या विचाराचे एक प्रमुख प्रवर्तक जाँ पियाजे हे स्वित्झर्लंडचे. जन्म १८९६, निधन १९८०. मुळात जीवशास्त्राचे अभ्यासक. गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. तरुणपणी ते पॅरिस येथे बिने यांच्या नावाशी निगडित प्रयोगशाळेत बुद्धिमापन चाचण्यांच्या कामास लागले. काम कंटाळवाणे, मुलांची बरोबर उत्तरे मोजावयाची. पियाजे यांचे लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेले. एकाच वयाची मुले एकाच प्रकारच्या चुका करतात, असे त्यांना आढळले. चुका जर नुसत्या अज्ञानाच्या असत्या तर त्या वाटेल तशा विखुरलेल्या असत्या. त्यांच्यात ठेवण दिसते याचा अर्थ त्यांच्यामागे विचार आहे. पुढील साठ वर्षांचे त्यांचे संशोधन या एका निरीक्षणातून उभे राहिले. ज्या वस्तू इतरांनी रद्दीत टाकल्या त्यांतून त्यांनी खजिना काढला, असे म्हटले तरी चालेल.

त्यांचा पाण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी. मुलाच्या देखत एका पेल्यातील पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले की पाच वर्षांचे मूल निःशंकपणे सांगते, उंच पेल्यात पाणी जास्त. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत असे चालते. ज्या कुटुंबांत कापडाचा व्यवसाय आहे, तेथे हा प्रयोग पेल्यांवाचूनही करता येईल. एकाच लांबीचे दोन तुकडे मुलासमोर मीटरपट्टीने मोजावेत, एक पसरून ठेवावा, दुसऱ्याची घडी करावी, आणि जास्त कापड कोणते असे विचारावे. लहान मूल पसरलेल्या तुकड्याकडे बोट दाखविते. त्याला ‘चूक’ म्हणून काही साधत नाही. त्याच्या हातांनी घडी मोडू द्यावी, पुन्हा घालू द्यावी, मोजू द्यावे. एक दिवस ते स्वतःच हसते आणि म्हणते, ‘तेवढेच तर आहे!’ त्या ‘तेवढेच तर आहे’मध्ये जे घडते, ते शंभर वेळा फळ्यावर लिहून घडत नाही.

दुसरे नाव रशियाचे लेव वायगॉट्स्की. योगायोग असा की तेही १८९६ मध्येच जन्मले. आणि अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठात आपली प्रयोगशाळा सुरू केली तेही त्याच वर्षी. वायगॉट्स्की क्षयाने १९३४ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेले. मूल एकट्याने जे करू शकते आणि थोडी मदत मिळाल्यास जे करू शकते, या दोहोंमध्ये एक पट्टा असतो. शिकविणे घडते ते त्या पट्ट्यात, असे त्यांचे सांगणे. जे येतेच ते पुन्हा शिकविणे व्यर्थ, जे आवाक्यापलीकडे आहे तेही व्यर्थ. पुढे १९७६ मध्ये जेरोम ब्रूनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मदतीला परांचीची उपमा दिली. भूगाव, पिरंगुट, हिंजवडी या पट्ट्यात राहणाऱ्यांस परांची समजावून सांगावी लागणार नाही. वीस वर्षांत येथे जेवढ्या परांच्या उभ्या राहिल्या तेवढ्या क्वचितच कोठे राहिल्या असतील. परांची भिंतीला आधार देते, पण भिंत नसते. आणि भिंत उभी राहिली की ती काढावी लागते. इमारत पूर्ण झाली तरी परांची न काढणारा ठेकेदार जसा, तसा दहावीपर्यंत मुलाशेजारी बसून प्रत्येक गणित सोडवून देणारा पालक!

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मूल ज्ञान स्वतः रचते याचा अर्थ ते जे रचील ते बरोबरच, असा नाही. जैन दर्शनातील अनेकांताचा विचार या सभागृहात अपरिचित नाही. प्रत्येक दृष्टीत सत्याचा अंश असू शकतो, म्हणून ती ऐकून घ्यावी. पण हत्तीला खांब म्हणणाऱ्यास तो खांबच आहे असे सांगून घरी पाठविणे हा अनेकांत नव्हे. त्याला सोंडेपर्यंत आणि कानापर्यंत हात धरून नेले पाहिजे. ३७ का लिहिले हे समजून घेणे ही पहिली पायरी. त्र्याहत्तर काड्या मोजून, त्यांचे दहा-दहाचे सात गठ्ठे बांधून, तीन सुट्या ठेवून त्याच्याकडून ७३ लिहवून घेणे ही पुढची पायरी. पहिलीवर थांबणारा शिक्षक प्रेमळ असेल. त्याचे काम अर्धेच झाले.

या विचारावर गंभीर टीकाही झालेली आहे आणि ती दडविण्याचे कारण नाही. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन अभ्यासकांनी एक बहुचर्चित निबंध लिहिला. नवशिक्यास मार्गदर्शन न करता ‘शोध लाव’ म्हणून सोडून दिले तर त्याच्या स्मरणावर अति भार पडतो आणि शिकणे होत नाही, असा त्यांचा मुद्दा. तो रास्त आहे. म्हणूनच पाठांतराला हद्दपार करण्याची जी टूम मध्यंतरी निघाली होती, ती ज्ञानरचनावादाच्या नावावर खपविणे योग्य नव्हते. जुन्या पिढीतील मुनीम मंडळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दीडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ म्हणत आणि साडेतीन वाराचा हिशेब बोटही न हलविता सांगत. ते पाठांतर उपयोगाचे होते, कारण ‘पाव’ आणि ‘औट’ म्हणजे काय हे त्यांनी मापाने, काट्याने, रोजच्या व्यवहाराने जाणले होते. अर्थ आधी, पाठांतर मागाहून. सातचा पाढा मुलाने सात-सात चिंचोके मांडून एकदा स्वतः तयार केला, की तो पाठ करण्यात काहीही गैर नाही. किंबहुना तो पाठ झालाच पाहिजे.

हा विचार परदेशी नावांनी आला म्हणून परका वाटण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केले, ते याच जातीचे होते. मुले शाळेत येत नाहीत, गुरे राखावयास जातात, तर शाळाच गुरांमागे कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. पाने, दगड, बिया, पक्ष्यांची पिसे हेच शैक्षणिक साहित्य. मुलाच्या अनुभवातून शिक्षण सुरू करावयाचे हे तत्त्व कोणत्याही शासन निर्णयाच्या कितीतरी आधी त्या दोघींनी आचरिले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि साध्या, खर्च न वाढविणाऱ्या मराठी शाळेत हे शक्य आहे असे दाखवून दिले. फलटणला मूळच्या अमेरिकन, पण भारताचे नागरिकत्व घेऊन येथीलच झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवनातून वाचन-लेखनाच्या पद्धतीवर मूलगामी काम केले.

शासनाच्या दप्तरी हा विचार अधिकृतपणे आला तो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मधून. त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष प्रा. यशपाल होते. मूल हे ज्ञानाचे ग्राहक नसून निर्माते आहे, अशी भूमिका त्यात घेण्यात आली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांद्वारे शिक्षण, असे शब्दच आले. म्हणजे ही आता कोणा उत्साही शिक्षकाची आवड राहिली नाही. ती कायद्याची अपेक्षा झाली.

कायदा झाला म्हणून वर्ग बदलत नाही, हे सांगावयास नकोच. महाराष्ट्रात तो खऱ्या अर्थाने बदलताना दिसला तो सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये. तेथील शिक्षण विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत हे काम केले. मुले गटागटांत जमिनीवर बसलेली, शिक्षकही त्यांच्याबरोबर जमिनीवर, हातात काड्या, खडे, मणी, अंककार्डे; फरशीवर रंगविलेल्या आकृत्या; एक मूल दुसऱ्याला समजावून सांगत आहे, असे दृश्य. राज्यभरातून शिक्षकांच्या झुंडी ते पाहण्यासाठी साताऱ्याच्या वाटेला लागल्या. २२ जून २०१५ रोजी शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा निर्णय काढला, तेव्हा या कामाचा प्रभाव त्यावर स्पष्ट होता.

आणि मग जे होते ते झाले. काही महिन्यांत गावोगावच्या फरश्या रंगल्या. ऑइलपेंटचे डबे आले, वर्तुळे आली, बाराखडीचे साप आले, शिड्या आल्या. लोकवर्गणी झाली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. कुमठ्याला फरशी दिसली. फरशीवर बसून मुलाचे बोलणे ऐकणारा शिक्षक दिसावयास थोडा वेळ लागतो, आणि पाहुणे संध्याकाळच्या गाडीने परततात. अनेक शाळांनी मनापासून काम केले, त्यांचे श्रेय हिरावून घेता येणार नाही. परंतु रंगीत फरशीवर मुलांना ओळीने बसवून फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घेणारे वर्गही त्याच काळात होते. दुकानाची पाटी नवी, माल जुनाच. माल न बदलता पाटी बदलली की काय होते, हे व्यापारी समाजास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

देशातील चित्र आजही चिंतेचेच आहे. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात पाचवीतील साधारण निम्मीच मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात. याच चिंतेतून २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे आणि प्राथमिक हिशेब यावा, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठेवण्यात आली. मुदत ठरविता येते. मूल मात्र आपल्या गतीने शिकते.

आता मुळशी तालुक्याकडे वळू या. या तालुक्याची दोन रूपे आहेत. पूर्वेला हिंजवडीचे संगणक उद्यान, भूगाव-पिरंगुटच्या वसाहती आणि पिवळ्या बसगाड्यांच्या रांगा. पश्चिमेला धरणाच्या काठावरील आणि ताम्हिणीकडील वाड्यावस्त्या, जेथे एका खोलीत चार इयत्ता आणि फार तर दोन शिक्षक असतात. शहरी पालकास ही दुसरी शाळा म्हणजे केविलवाणी वाटते. परंतु ज्ञानरचनावादाच्या दृष्टीने पाहिले तर चौथीची मुलगी पहिलीच्या मुलाला दहाचा गठ्ठा बांधावयास शिकविते, ही तेथील नित्याची गरज आहे. वायगॉट्स्की ज्याला मदतीचा पट्टा म्हणतात तो तेथे अंगणातच पसरलेला आहे. मोठ्या शाळेत साठ मुलांच्या तुकडीत तो मुद्दाम निर्माण करावा लागतो. अर्थात हे आपोआप घडत नाही. शिक्षकाने ठरविले तर घडते. न ठरविले तर चार इयत्ता चार भिंतींकडे तोंड करून पाढे गिरवितात.

आणि साहित्य? आषाढात ताम्हिणीच्या बाजूला जो पाऊस कोसळतो तो कित्येक हजार मिलिमीटरच्या घरात जातो. शाळेच्या अंगणात उभ्या काठाचे एक रुंद पातेले आणि एक अरुंद डबा शेजारी शेजारी ठेवावे, आणि मुलांना आधी विचारावे की तासाभराने पाण्याची उंची कशात जास्त असेल. बहुतेक मुले पातेले म्हणतील, काही डबा म्हणतील. वाद होईल, तो होऊ द्यावा. मग पट्टीने मोजावे. दोन्हींत उंची जवळजवळ सारखीच निघते. हे कसे? पातेल्यात पाणी तर जास्त दिसते! मुले पुन्हा मोजतात, भांडी बदलतात, कोणी घागर आणून ठेवतो आणि तिथे हिशेब बिघडतो, कारण तिचे तोंड लहान आणि पोट मोठे. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे त्या दिवशी चौथीच्या मुलांना जे कळते ते पुस्तकातील व्याख्येने कळावयाचे नाही. खर्च शून्य.

भाताचे खाचर हे तर गणिताचे पाठ्यपुस्तकच आहे. आवणीच्या वेळी दोन रोपांतील अंतर, ओळी, एका वाफ्यातील चूड; सुगीनंतर घरातील मापे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. ज्या मुलाने आजीबरोबर तांदूळ मापला आहे, त्याला अर्धा आणि पाव हे अपूर्णांक हाताने माहीत असतात. शाळेत मात्र तेच मूल एक छेद दोन पाहून गांगरते, कारण घरातील माप आणि फळ्यावरील आकडा यांची गाठ कोणी घालून दिलेली नसते. शिक्षकाने आजीचे मापटे एक दिवस वर्गात मागविले तर ती गाठ पडते.

इतिहासाचेही तसेच. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध जो सत्याग्रह केला, तो या तालुक्याच्या शिवारात घडला. मुळा नदी पूर्वेस पुण्याकडे वाहते. तिचे धरणातील पाणी मात्र सह्याद्रीच्या पश्चिमेस, कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे नेले आहे. नदी एका दिशेला आणि पाणी दुसऱ्या दिशेला, हे कोडे मुलांपुढे ठेवावे, नकाशा मागाहून उघडावा. कोणाचे घर, कोणाचे शेत पाण्याखाली गेले, पणजोबा कोठून कोठे राहावयास आले, हे मुलांनी घरी विचारून यावे. वीस घरांच्या वीस आठवणी वर्गात येतील, काही एकमेकींशी जुळणार नाहीत, आणि मग कोणती खरी हे कसे ठरवावयाचे हा प्रश्न मुलेच विचारतील. इतिहास शिकविणे म्हणजे हेच ना?

या लहान शाळांवर टांगती तलवार आहे, तिचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले. त्यात आपल्या शेजारच्या पानशेतचा आणि नंदुरबारमधील तोरणमाळचा दाखला देण्यात आला. मोठ्या शाळेत सोयी अधिक असतात, हे खरे. पण ताम्हिणीच्या पावसात सात वर्षांची मुलगी ओढा ओलांडून किती दिवस जाईल, आणि धनगरवाड्यावरचे किंवा कातकरी वस्तीतले मूल वस्तीतली शाळा उठल्यावर शाळेत टिकेल काय, हा हिशेब केवळ पटसंख्येने होणारा नाही. मूल ज्या परिसराच्या आधारे ज्ञान रचते, त्या परिसरापासूनच त्याला उचलून नेण्याचा हा प्रश्न आहे.

आता थोडे सभागृहातील पालकांविषयी. समाजातील बहुसंख्य मुले आज इंग्रजी माध्यमात आहेत आणि त्यामागील पालकांची भावी काळाची चिंता समजण्यासारखी आहे. पण एक गोष्ट शांतपणे विचारात घ्यावी. मूल नवे ज्ञान आधीच्या ज्ञानावर रचते. आणि साडेतीन वर्षांच्या मुलाचे आधीचे सारे ज्ञान घरच्या भाषेत असते, मग ती मराठी असो, गुजराती असो वा मारवाडी. वर्गात त्या भाषेत बोलण्याची मुभाच नसेल तर ते मूल आपली सगळी पुंजी दाराबाहेर ठेवून आत शिरते. असे मूल चूकही करीत नाही, कारण ते बोलतच नाही. ते पाठ करून उत्तर देते आणि उत्तर बरोबर असते, म्हणून घरी सर्व आनंदात असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा माध्यम असावी, असे सुचविले ते उगाच नव्हे. इंग्रजी माध्यमच निवडावयाचे असेल, तर निदान संध्याकाळी घरी मुलाने शाळेत काय केले ते आपल्या भाषेत सांगावे आणि घरच्यांनी ते मोबाइल बाजूस ठेवून ऐकावे. ‘आज किती गुण मिळाले’ याऐवजी ‘आज काय विचारलेस’ असा प्रश्न घरात आला तर वातावरणात किती फरक पडतो, हे करून पाहण्यासारखे आहे.

विद्यादानाची परंपरा समाजात मोठी आहे. वह्या, गणवेश, दप्तरे, बाके, अलीकडे दूरदर्शन संच आणि संगणक दिले जातात. देणाऱ्यांची भावना निर्मळ असते. परंतु देण्यापूर्वी शिक्षकास विचारण्याची पद्धत क्वचितच आढळते. एका खोलीच्या शाळेत दात्याच्या नावाची पंधरा बाके दाटीवाटीने लावली की मुलांना गोल करून बसावयास जमीनच उरत नाही. बाके हलवावीत तर दात्याचा अपमान होईल या भीतीने शिक्षक ती हलवीत नाहीत. संच येतो आणि वीजबिलाच्या थकबाकीमुळे कपाटात कुलूपबंद राहतो. तीच रक्कम एका तराजूसाठी, वजनांच्या आणि मापांच्या संचासाठी, मोजपट्ट्या, गोष्टींची शंभर पुस्तके आणि ती ठेवण्यास मुलांच्या हाताला पोहोचेल एवढ्या उंचीची उघडी मांडणी यांसाठी लागली, तर वर्गाला खरी मदत होईल. कापडाच्या दुकानांतून दररोज निघणारी रंगीत चिंध्यांची आणि तागे गुंडाळून येणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्यांची रास फेकली जाते. पहिली-दुसरीच्या वर्गाला मोजणी, वर्गीकरण, लांबी-रुंदी, नक्षी यांसाठी तिच्यापेक्षा उत्तम साहित्य विकत मिळणार नाही.

दरवर्षी होणाऱ्या गुणगौरव समारंभात पहिल्या तीन क्रमांकांस पारितोषिके दिली जातात. ती अवश्य द्यावीत. त्याच व्यासपीठावर एखादे पारितोषिक अशा शिक्षकासही देता येईल, ज्याने वर्षभर आपल्या वर्गातील मुलांच्या चुका एका वहीत टिपून ठेवल्या. कोणत्या मुलाने काय लिहिले, का लिहिले असे सांगितले, आणि पुढे ती गाठ कशी सुटली. अशी वही मुळशीच्या एखाद्या वाडीवरील शिक्षकाकडे मिळाली तर ती छापण्याचा खर्च फार येणार नाही. ही स्मरणिका छापण्यास आला त्याहून नक्कीच कमी. दिवाळीच्या सुट्टीनंतर तालुक्यातील केंद्रप्रमुखांशी बोलून त्यासाठी इच्छुक शिक्षकांची नावे मिळविता येतील.